कमी उत्पन्न दाखवण्याची किंमत

लहान व्यावसायिकाने आयकर विवरणपत्रात उत्पन्न शक्य तितके कमी दाखवावे, हीच आपल्याकडे करनियोजनाची सर्वमान्य व्याख्या होऊन बसली आहे. नाशिकमधले रविवार कारंजावरचे दुकान असो, अंबडमधले दोन लेथ मशीनचे वर्कशॉप असो की इंदिरानगरमधले खासगी शिकवणीचे वर्ग असोत, विवरणपत्र भरायची वेळ आली की कर सल्लागाराला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : ‘यंदा किती दाखवायचे?’ वास्तविक किती कमावले ते मालकाने सांगावे आणि त्यावर कायद्यात बसणारे काय करता येईल ते सल्लागाराने सांगावे, असा क्रम असायला हवा. प्रत्यक्षात मात्र उत्पन्नाचा आकडाच सल्लागाराकडून मागितला जातो आणि तोही गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून तो काढून देतो. ही पद्धत नीतीला धरून आहे की नाही, हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ व्यवहार म्हणूनसुद्धा ती आता तोट्याची झाली आहे, असे माझे म्हणणे आहे. व्यावसायिकाला हे त्याच्याच पैशाच्या हिशेबात समजावून सांगण्याचे काम सल्लागारांनी आणि व्यापारी-उद्योजकांच्या संघटनांनी करायला हवे होते; ते पुरेसे झालेले नाही.

आधी बदललेली परिस्थिती पाहू. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए खालची सूट इतकी वाढवली की, त्या मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष भरायचा कर शून्य झाला. ही सूट आर्थिक वर्ष २०२५-२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे आणि शेअर विक्रीवरील नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ती मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ज्याचा वर्षाचा नफा ९ लाख आहे, अशा दुकानदाराला २०२४-२५ साली नव्या प्रणालीत उपकरासह ४१,६०० रुपये कर बसत होता. तेवढ्याच नफ्यावर पुढच्या वर्षी काहीही बसत नाही. उत्पन्न १२ लाखांच्या थोडे वर गेले, तरी सीमांत सवलतीमुळे कर त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. १२ लाख १० हजारांवर उपकर सोडता १० हजारच भरावे लागतात. म्हणजे नाशिकमधल्या बहुसंख्य लहान दुकानदारांना ज्या कराच्या भीतीने उत्पन्न लपवायची सवय लागली, तो करच त्यांच्यापुरता उरलेला नाही. सवय मात्र तशीच राहिली आहे.

या सवयीला कायद्यातली एक चांगली तरतूदही नकळत खतपाणी घालते. १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ४४एडी सगळ्यांच्या तोंडी आहे. (१ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम २०२५ येतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, पण लोक अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून मीही तेच वापरतो.) या कलमानुसार २ कोटींपर्यंतची उलाढाल असलेल्या व्यावसायिकाने, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, सविस्तर हिशेबपुस्तके न ठेवता बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या ६ टक्के व रोख रकमेच्या ८ टक्के एवढा नफा गृहीत धरून विवरणपत्र भरता येते. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्यासारख्यांसाठी कलम ४४एडीए खाली हे प्रमाण ५० टक्के आहे. सोय उत्तम आहे. पण ६ आणि ८ टक्के हे किमान प्रमाण आहे; प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवावा, हा त्या कलमाचा अर्धा भाग बहुतेकांच्या कानावरही आलेला नसतो.

पंचवटीतले एखादे हार्डवेअरचे दुकान उदाहरणादाखल घेऊ. वर्षाची विक्री ९० लाख. त्यातले ७० लाख यूपीआय, कार्ड आणि धनादेशाने आलेले, २० लाख रोख. गृहीत नफा ४ लाख २० हजार अधिक १ लाख ६० हजार, म्हणजे ५ लाख ८० हजार. मालकाला मनोमन ठाऊक असते की घरखर्च, मुलीची अभियांत्रिकीची फी आणि भिशी मिळून तो वर्षाला ९ लाखांच्या आसपास काढतो. दोन्ही आकड्यांवर आयकर शून्य आहे. तरीही विवरणपत्रात ५ लाख ८० हजारच जातात, कारण ‘तेवढेच दाखवायचे असते’.

दोन वर्षांनी हाच माणूस घरासाठी कर्ज घ्यायला जातो. पगारदार नसलेल्या अर्जदाराची परतफेडीची ऐपत बँक मागच्या दोन-तीन वर्षांच्या विवरणपत्रांवरून ठरवते. ५ लाख ८० हजार म्हणजे महिना सुमारे ४८ हजार. त्यातला निम्मा भाग हप्त्याला धरला तर २४ हजार. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे त्याला साधारण साडेसत्तावीस लाख मिळू शकतात. ९ लाख दाखवले असते तर हप्त्याला साडेसदतीस हजार धरले गेले असते आणि कर्ज ४३ लाखांच्या घरात गेले असते. पंधरा लाखांचा हा फरक मग तो सोने गहाण टाकून, नातेवाइकांकडून हातउसने घेऊन किंवा महिना दीड-दोन टक्क्यांच्या खासगी सावकारीतून भरून काढतो. शून्य रुपयांचा कर वाचवण्यासाठी दिलेली ही किंमत कोणत्याही वहीत लिहिली जात नाही, म्हणूनच ती दिसत नाही.

कर्जाहून गंभीर बाब अपघाताची आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे मृत व्यक्तीच्या कुटुंबाची नुकसानभरपाई ठरवताना उत्पन्नाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र पाहिले जाते. मुंबई-आग्रा महामार्गावर माल आणायला गेलेला व्यापारी परत आला नाही, तर त्याच्या बायकोला त्याने ‘दाखवलेल्या’ उत्पन्नाच्या पटीत भरपाई मिळते. गल्ल्यात खरोखर किती येत होते, हे तिने कितीही सांगितले तरी सिद्ध करायला कागद नसतो. मुदत विम्याचे संरक्षण किती द्यायचे, हेही विमा कंपन्या याच कागदावरून ठरवतात.

या युक्तिवादाला एक खणखणीत उत्तर व्यापाऱ्याकडे असते आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तो म्हणतो, ‘मला आयकराची भीती नाही, जीएसटीची आहे.’ यात तथ्य आहे. केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नसते. त्या रेषेच्या अलीकडे राहण्यासाठी विक्रीच कमी दाखवली जाते, आणि विक्री कमी म्हटल्यावर नफाही कमी दाखवावा लागतो. एकदा नंबर काढला की विवरणपत्रांचे चक्र मागे लागते, उशीर झाला तर दिवसाच्या हिशेबाने विलंब शुल्क पडते आणि सर्वांत संतापजनक म्हणजे, आपण पक्के बिल घेऊन, कराची रक्कम मोजून दिली, तरी पुरवठादाराने त्याचे विवरणपत्र भरले नाही तर आपले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकते. दुसऱ्याच्या चुकीचा दंड प्रामाणिक खरेदीदाराने का भरावा, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या सरकारदरबारी मांडल्याच पाहिजेत.

पण त्या तक्रारींवर विक्री लपवणे हा उपाय राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे बेकरी, चहा आणि भाजीच्या लहान विक्रेत्यांना नोटिसा काढल्या, तेव्हा बेंगळुरूमध्ये दुकानांवरचे क्यूआर कोड खाली उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. मोठा गदारोळ झाल्यावर त्या सरकारला माघारही घ्यावी लागली. या प्रकरणात विभागाने लोकांना आधी समजावून न सांगता थेट मागणीची पत्रे पाठवली, हे चूकच होते. भाजी आणि दूध यांसारख्या करमुक्त मालाचीच विक्री करणाऱ्याला नोंदणीची गरज नसते, हे विभागाला नको का माहीत असायला? मात्र त्यातून दिसलेली गोष्ट नाशिकच्या दुकानदारालाही लागू आहे : उलाढालीची माहिती विभागाकडे आधीच पोहोचलेली असते. बचत खात्यात वर्षात १० लाख आणि चालू खात्यात ५० लाखांवर रोख भरणा झाला की बँक ते आयकर विभागाला कळवते. वार्षिक माहिती विवरण, म्हणजे ज्याला सल्लागार ‘एआयएस’ म्हणतात, ते उघडून पाहण्याची तसदी घेतली तर आपल्याविषयी काय काय नोंदले गेले आहे, हे प्रत्येकाला दिसते. बहुतेक जण ते पाहत नाहीत.

शिवाय ४० लाखांची रेषा ओलांडली म्हणजे आभाळ कोसळते, असे नाही. दीड कोटीपर्यंतच्या विक्रीला कंपोझिशन योजना, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के कर भरून मोकळे होण्याची सोय, आहे. व्यापारी आणि उत्पादकाला १ टक्का, उपाहारगृहाला ५ टक्के, तीन महिन्यांनी एकदा भरणा. इनपुट क्रेडिट मिळत नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही, हे तिचे तोटे. पण ज्याचे सगळे गिऱ्हाईक सिडको नाहीतर नाशिकरोडचे आहे, त्याला परराज्याशी कर्तव्य काय?

नाशिकपुरते बोलायचे तर आणखी एक पळवाट इथे रुळलेली आहे, ती शेतीच्या उत्पन्नाची. घरात सातबारा आहे म्हणून दुकानाचा, कमिशनचा किंवा जमीन व्यवहारातल्या दलालीचा पैसा ‘द्राक्षाचे उत्पन्न’ म्हणून दाखवायचा. द्राक्ष विकून आलेला पैसा करमुक्त आहे आणि असावा. पण वायनरीचा नफा किंवा मळ्यातल्या पर्यटन निवासाचे भाडे शेतीचे उत्पन्न होत नाही, मग दुकानाचा गल्ला कुठून होणार? ज्या गटात अवकाळी पावसाने बाग झोपली म्हणून पंचनामा झाला, त्याच गटातून त्याच वर्षी विक्रमी उत्पन्न निघाल्याचे विवरणपत्रात लिहिलेले असते. बाजार समितीची पट्टी किंवा व्यापाऱ्याचे बिल मागितल्यावर काय दाखवणार, याचा विचार त्या क्षणी कोणी करत नाही. यात खऱ्या शेतकऱ्याच्या करमुक्तीकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते, हा वेगळाच अन्याय.

आता सल्लागारांविषयी. विवरणपत्र भरून देणे आणि सल्ला देणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या बाजारात पहिल्याचाच भाव ठरलेला आहे. पाचशे ते दोन हजारांत विवरणपत्र भरून मिळते, म्हणून गिऱ्हाईक तेवढेच देते आणि सल्लागारही तेवढाच वेळ देतो. दोष दोघांचाही आहे. दुसऱ्या टोकाला परताव्याच्या रकमेत टक्केवारी घेणारे एजंट आहेत. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभर दीडशे ठिकाणी जी तपासणी केली, तिचा विषयच खोट्या वजावटी दाखवून परतावे काढून देणाऱ्यांच्या टोळ्या हा होता; राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या, न घेतलेली शैक्षणिक कर्जे, न भरलेले आरोग्य विम्याचे हप्ते. परतावा मिळाल्यावर एजंट आपला वाटा घेऊन मोकळा होतो आणि नोटीस मात्र पगारदाराच्या नावाने येते. विवरणपत्रावर सही कोणाची, हा एवढा साधा प्रश्न लोक विसरतात.

खरा सल्ला कसा असतो, त्याचा एक नमुना देतो. नाशिकमध्ये भावाभावांच्या भागीदारी संस्था पुष्कळ. एकट्या मालकाला १२ लाखांपर्यंत कर नाही, पण भागीदारी संस्थेला पहिल्या रुपयापासून ३० टक्के आहे, हे अनेक भागीदारांना ठाऊक नसते. त्यावर कायद्यानेच उपाय ठेवला आहे : काम करणाऱ्या भागीदारांना ठरावीक मर्यादेत मोबदला द्यावा, तो संस्थेच्या नफ्यातून वजा होतो आणि भागीदारांच्या वैयक्तिक उत्पन्नात येतो, जिथे प्रत्येकाला स्वतंत्र सूट मिळते. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून ही मर्यादा वाढली. पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख यांतील जास्त रक्कम आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के.

समजा दोन भावांच्या संस्थेचा हिशेबी नफा १५ लाख आहे. मोबदला जास्तीत जास्त १० लाख ८० हजार देता येतो, संस्थेकडे ४ लाख २० हजार राहतात आणि त्यावर उपकरासह १ लाख ३१ हजार ४० रुपये कर पडतो. दोघा भावांच्या वाट्याला ५ लाख ४० हजारांचा मोबदला येतो आणि दुसरे उत्पन्न फारसे नसेल तर त्यावर कर शून्य. मात्र यासाठी भागीदारी पत्रात मोबदल्याचे कलम असावे लागते आणि त्यात रक्कम किंवा ती काढण्याची रीत स्पष्ट लिहिलेली असावी लागते. वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी केलेल्या पत्रात ते कलमच नसेल, तर पूर्ण १५ लाखांवर ४ लाख ६८ हजार भरावे लागतात. कलम असूनही त्यात जुन्या मर्यादेचे आकडे उतरवलेले असतील, तर ९ लाख ९० हजारच वजा होतात आणि २८ हजारांचा जादा भुर्दंड बसतो. पत्रात दुरुस्ती करायला एक मुद्रांक आणि एक दुपार लागते. एप्रिल २०२५ पासून या मोबदल्यावर, तो वर्षाला २० हजारांच्या वर गेला तर, १० टक्के उद्गम कर (टीडीएस) कापायचा आहे, हेही त्याच दुपारी सांगून टाकता येते. इथे एक रुपयासुद्धा लपवलेला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकाला तर कायद्याने स्वतःहून एक हत्यार दिले आहे आणि ते बहुतेकांनी म्यानातच ठेवले आहे. जॉबवर्क करणाऱ्याचे पैसे नव्वद-नव्वद, एकशेवीस दिवस अडकवून ठेवण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. कलम ४३बी मधल्या एच या पोटकलमाने १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून असे ठरवले की, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल पंधरा दिवसांत, आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते केले नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येईल. एमएसएमई विकास अधिनियम २००६ नुसार उशिराच्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही लागू होते. व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही. उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी, हवी, ती विनाशुल्क आहे, आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा.

हा नियम आला तेव्हा खरेदीदार लहान पुरवठादारांना सोडून मोठ्यांकडे वळतील, अशी भीती व्यक्त झाली होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. एकट्या वर्कशॉपवाल्याने मोठ्या खरेदीदाराशी वाद घालावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. निमा, आयमा यांच्यासारख्या इथल्या उद्योजकांच्या संघटनांचे काम इथेच सुरू होते. सर्व सभासदांच्या बिलांवर उद्यम क्रमांक आणि देय तारीख एकाच नमुन्यात छापली गेली, तर ती मागणी कोणा एकाची राहत नाही. वर्षातून एकदा अर्थसंकल्पावर व्याख्यान ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस सभासदांना भागीदारी पत्र, उद्यम प्रमाणपत्र आणि एआयएस घेऊन बसता येईल असे टेबल मांडणे अधिक उपयोगाचे आहे.

हे टेबल लवकर मांडण्याची निकड सिंहस्थामुळे आहे. २०२६-२७ च्या कुंभमेळ्यात पंचवटी, रामकुंड परिसर आणि त्र्यंबकेश्वर इथल्या शेकडो लहान धंद्यांची विक्री काही महिन्यांपुरती कितीतरी पटींनी वाढेल. समजा एखाद्या मिसळ-चहाच्या हॉटेलची रोजची विक्री ४ हजार आहे, म्हणजे वर्षाची १४ लाख ६० हजार. एका आर्थिक वर्षातले नव्वद दिवस ती १२ हजारांवर गेली, तर त्या दिवसांचे १० लाख ८० हजार आणि उरलेल्या दिवसांचे ११ लाख मिळून २१ लाख ८० हजार होतात. हॉटेलमालक ‘माझी लिमिट ४० लाखांची’ असे समजून निर्धास्त असतो. पण उपाहारगृह ही जीएसटीच्या दृष्टीने सेवा आहे, तिची मर्यादा २० लाखांची. ती ओलांडल्यापासून तीस दिवसांत नोंदणी केली, तर त्यानंतरच्या विक्रीवर ५ टक्के भरून तो मोकळा होतो. नाही केली, तर दोन-तीन वर्षांनी यूपीआयच्या आकड्यांवरून मागणी येते; तीत कर असतो, १८ टक्के व्याज असते आणि दंडही असतो. कुंभाला येऊन मिसळ खाऊन गेलेल्या भाविकाकडे तेव्हा तो पाच टक्के मागायला जाऊ शकत नाही. आयकरात मात्र त्याला काही भरावे लागणार नाही, कारण २१ लाख ८० हजारांच्या विक्रीत त्याचा नफा १२ लाखांच्या वर जाणे अशक्यच आहे. आणि तो नफा खरा दाखवला, तर सिंहस्थानंतर हॉटेल वाढवायला बँकेकडे जाताना त्याच्या हातात एक चांगल्या वर्षाचे विवरणपत्र असेल.

राज्य कर विभागाला एवढेच सुचवावेसे वाटते की, मर्यादेच्या जवळ आलेल्या धंद्यांना मागणीची नोटीस काढण्याआधी मराठीत एक साधे पत्र जावे : तुमची नोंद झालेली उलाढाल अमुक आहे, मर्यादा अमुक आहे, कंपोझिशनचा पर्याय असा आहे. विभागाकडे आकडे आहेत, पत्तेही आहेत, आणि साधुग्रामाच्या कामांची आखणी चालू असताना हे पत्र छापायला वेळही आहे.